जिनिंगमधले चार डबे

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी हिशेबाचे काम पाहतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे कापसाच्या गाड्यांची रांग असते, आणि त्या दिवसांत हवेत इतकी रुई उडत असते की टेबलावर विसरलेल्या चहावरसुद्धा साय धरावी तसा तिचा थर बसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात वजनकाट्याचा आणि ऑफिसचा कारभार नव्या यंत्रांवर गेला, तेव्हा जुने चार संगणक गोदामात सरकीच्या पोत्यांना टेकवून ठेवण्यात आले. कबाडी चारही मिळून दोन हजारांच्या वर जायला तयार नव्हता. मी मालकांना विचारले, त्यांनी "घेऊन जा" म्हटले, आणि माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रॅक्टरमधून ते चारही डबे माझ्या गावच्या वाचनालयात येऊन पोहोचले.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या, तीन लोखंडी कपाटे आणि दिवसातून दोनदा कुलूप उघडणारे ग्रंथपालकाका. गावातली सात-आठ मुले तालुक्याला अकरावी-बारावीत संगणकशास्त्र शिकतात. त्यांना प्रॅक्टिकलचा तास आठवड्यातून एकदा मिळतो, तोही एका यंत्रावर तिघांना मिळून. घरी फक्त मोबाइल, ज्यावर दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचता येतो, पण स्वतः लिहिण्याचा हात बसत नाही. या मुलांना संध्याकाळी दोन तास हात चालवायला काहीतरी मिळावे, एवढाच माझा हेतू होता. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही जी मोफत व्यवस्था, तिच्याबद्दल मला त्या वेळी ना फार प्रेम होते ना फार माहिती. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्येच थांबले होते, विंडोज १० चीही मुदत ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झाले होते, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० नावाची जी सुरक्षा-चिप लागते ती आमच्या बोर्डांवर असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून मी या रस्त्याला लागलो; तत्त्वे वगैरे नंतर आली.

डबे उघडले तेव्हा पहिला अर्धा दिवस सॉफ्टवेअरचा विचार करण्याची वेळच आली नाही. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये रुई इतकी गच्च बसली होती की ती चिमट्याने ओढली असता वाकळेचा तुकडा निघावा तशी सलग निघाली. एका पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी होती. एका बोर्डावरचे कपॅसिटर फुगून त्यांच्या टोप्या वर आल्या होत्या, म्हणजे तो कामातून गेला, आणि चारांचे तीन झाले. उरलेल्या तिन्हींत इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई५३००, २.६ गिगाहर्ट्‌झचा, जी३१ चिपसेटचा बोर्ड आणि एकेक जीबीची डीडीआर२ रॅम. मेलेल्या डब्यातली एक आणि नागपूरला सीताबर्डीत जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेल्या दोन अशा पट्ट्या मिळून प्रत्येकाच्या वाट्याला २ जीबी आली. जुन्या पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. तो खोडरबराने हलक्या हाताने पुसला आणि जो संगणक नुसता बीप-बीप करत होता तो निमूट सुरू झाला. संगणक दुरुस्त करणाऱ्या कोणालाही ही युक्ती ठाऊक असते, पण ग्रंथपालकाकांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि बराच वेळ ते त्या खोडरबराकडेच बघत राहिले.

मग मी सगळे नवशिके करतात तीच चूक केली. लिनक्सचे अनेक अवतार आहेत; त्यांतले सगळ्यात हलके जे मिळेल ते घ्यायचे, असे ठरवले. पपी लिनक्स पाहिले, जे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केले आणि जे पेनड्राइव्हवरून उठून सगळेच्या सगळे रॅममध्ये जाऊन बसते. अँटिएक्स पाहिले, ज्यात पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा साधा खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम असतो. शेवटी तिन्हींवर अँटिएक्स टाकले. नुसते सुरू होऊन बसले की ते आमच्या डब्यावर २०० एमबी रॅमच्या आतच राहत असे, आणि मी रोज संध्याकाळी काळ्या पडद्यावर 'फ्री' ही आज्ञा देऊन तो आकडा बघत असे. एखाद दिवशी १८० दिसला तर जेवण गोड लागे. आमच्या धंद्यात नवीन माणूस रुईचा उतारा किती टक्के पडला एवढेच बघत असतो. धाग्याची लांबी आणि ताकद विचारायची असते हे त्याला दोन हंगाम गेल्यावर कळते. माझेही तसेच चालले होते.

त्या पहिल्या हंगामात डिसेंबर महिन्यात मी तीन आठवडे गावाकडे फिरकू शकलो नाही. काटा रात्री अकरापर्यंत चालायचा. एका संध्याकाळी ग्रंथपालकाकांचा फोन आला. "भाऊ, तिन्ही बंद पडल्यासारखे आहेत. इंटरनेट लागत नाही, आणि पोट्टे सांगतात, मशीन म्हणून राह्यली का अजून टाइमच नाही झाला."

हे शेवटचे वाक्य मला दोन दिवस सुटले नाही. शनिवारी रात्री जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ चा गोल सेल असतो. तो पंधरा वर्षांत संपलेला होता. आमच्याकडे वीज गेली की डबा पूर्ण मरायचा आणि पुन्हा उठायचा तो १ जानेवारी २००९ या तारखेला. ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासताना आजची तारीख बघतो. त्याच्या दृष्टीने ती सगळी प्रमाणपत्रे अजून पंधरा वर्षांनी जन्माला येणार होती, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी 'हे सुरक्षित नाही' म्हणत होता. सॉफ्टवेअर आणणारी 'एप्ट' ही यंत्रणाही तेच म्हणत होती: ही यादी अजून वैध झालेली नाही. मुलांनी केलेला अनुवाद अगदी बरोबर होता. घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय मी वेगळी लावायला हवी होती, ती लावली नव्हती. कारण तिनेही चार-पाच एमबी खाल्ले असते.

सेल चाळीस रुपयांचा होता आणि घड्याळवाल्याकडे मिळाला. पण तीन आठवडे वाचनालयाचे संगणक बंद होते, ते माझ्या त्या १८० च्या आकड्यासाठी, ही गोष्ट मनाला लागून राहिली. मी जिथे राहतो तिथून गाव पंचवीस किलोमीटर आहे, आणि हंगामात ते दोनशे असल्यासारखे असते. तिथल्या यंत्रावर काय ठेवायचे हे ठरवताना मी स्वतःला चुकीचा प्रश्न विचारत आलो होतो. किती मेगाबाइट लागतात हे विचारायचेच, पण त्याआधी हे विचारायला हवे होते की मी महिनाभर आलो नाही तर हे कोण उठवील, आणि त्याला ते उठवता यावे म्हणून मी किती मेगाबाइट द्यायला तयार आहे.

त्यानंतरची माझी सगळी निवड या एका प्रश्नावरून झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्सच्या अवताराची तेरावी आवृत्ती, डेबियन १३, आली. तिच्यात ३२-बिटच्या, म्हणजे जुन्या घडणीच्या, यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही, ही बातमी वाचून आपले डबे आता बाद झाले असे मी धरून चाललो होतो, कारण जिनिंगमध्ये त्यांच्यावर कायम ३२-बिटचे विंडोज चालत आले होते आणि मी अँटिएक्सही ३२-बिटचेच टाकले होते. एकदा सहज 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली तर दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहून आले की हा प्रोसेसर ३२ आणि ६४ दोन्ही बिटांत चालतो. जुन्या यंत्रांच्या बाबतीत हा गैरसमज फार पसरलेला आहे. डब्यावर कोणते विंडोज होते यावरून लोक प्रोसेसरची जात ठरवतात. खरोखरचा ३२-बिट प्रोसेसर पाहायचा असेल तर माझ्या भाच्याचा ॲटम एन२७० चा छोटा नेटबुक आहे, आणि त्याच्यावर मात्र अँटिएक्स आजही सुखाने नांदत आहे. एकट्याच्या, जवळच्या आणि समजत्या माणसाच्या यंत्राला ते फार चांगले आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

तिन्ही डब्यांवर मी डेबियन १३ आणि त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप घेतला. एलएक्सक्यूटी हा दुसरा डेस्कटॉप महिनाभर वापरून पाहिला होता. आमच्या डब्यावर ते एक्सएफसीईपेक्षा थोडे हलके पडते, पण फरक ब्राउझरचे एक पान उघडले की संपून जातो. एक्सएफसीई ऑलिव्हिए फोर्डां यांनी १९९६ मध्ये सुरू केले आणि इतक्या वर्षांत त्याने आपला चेहरा फारसा बदललेला नाही, हे माझ्या लेखी त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर मी 'डावीकडे वर मेनू' असे लिहिले तर तो मेनू पुढच्या हंगामातही डावीकडे वरच असणार. खिडक्यांना सावली आणि पारदर्शकपणा देणारा कंपोझिटर बंद केला, कारण बोर्डावरच्या त्या ग्राफिक्सला तो झेपत नव्हता. आता सुरू होऊन बसल्यावर साडेचारशे एमबीच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून जास्त. त्यात घड्याळ सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, जो शेवटची पाहिलेली वेळ डिस्कवर लिहून ठेवतो आणि सेल संपलेला असला तरी तारखेला त्याच्या मागे जाऊ देत नाही. नेट मिळाले की उरलेला फरकही भरून काढतो.

एवढी चैन परवडली ती दोन गोष्टींमुळे. पहिली, एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काहीही न फिरणारी चिपांची साठवण. १२० जीबीच्या स्वस्तातल्या तीन घेतल्या. आमच्या बोर्डाचा साटा, म्हणजे डिस्क जोडण्याची वाट, जुना; सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे तो जाऊच शकत नाही, त्यामुळे नव्या एसएसडीचा निम्मा वेग वाया जातो असे एका दुकानदाराने मला ऐकवले. ते खरे आहे आणि तरीही बिनमहत्त्वाचे आहे. जुन्या हार्डडिस्कचे दुखणे तिच्या सुईच्या धावपळीत असते. लहान-लहान शेकडो फायली इथून-तिथून गोळा करताना ती दमते, आणि एसएसडीत सुईच नाही. जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा असेल तर मी रॅमच्या आधी हा करीन.

दुसरी गोष्ट झेडरॅम. ती समजावून सांगायला मला कधी इंग्रजी लागले नाही, कारण आमच्या जिनिंगला लागूनच प्रेस आहे. मोकळी रुई खोलीभर पसरते; तीच प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची एक गाठ होते आणि चार हात जागेत बसते. झेडरॅम रॅमच्या आतच हे करते: जे आत्ता वापरात नाही ते दाबून गाठ बांधून ठेवते, लागले की सोडते. प्रेसला वीज लागते तशी याला प्रोसेसरची थोडी मेहनत लागते, पण मुलगा प्रोग्रॅमच्या चुकीकडे टक लावून बसलेला असतो तेव्हा प्रोसेसर तसाही रिकामाच असतो.

तरी सगळ्यात मोठा खादाड ब्राउझर, हे सांगितल्याशिवाय ही चर्चा खोटी आहे. डेस्कटॉप निवडताना आपण शंभर-शंभर एमबीसाठी भांडतो आणि नंतर पाच टॅब उघडून ठेवतो. व्हीएस कोड हा प्रोग्रॅम लिहिण्याचा संपादक मी याच कारणाने टाकला नाही. तो उत्तम आहे, मुलांनी त्याचे नाव ऐकलेले आहे, ती मागतातही. पण तो इलेक्ट्रॉन या पद्धतीने बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियमचा एक अख्खा ब्राउझर असतो. २ जीबीच्या घरात दोन ब्राउझर नांदत नाहीत. हार्डडिस्कच्या काळात एकदा हट्टाने करून पाहिले, तेव्हा डब्यावरचा लाल दिवा पावणेदोन मिनिटे विझला नाही आणि माऊसचा बाण गोठलेला राहिला.

त्याच्या जागी जीनी हा हलका संपादक आहे. डोळ्याच्या दोन-तीन पापण्या लवेपर्यंत उघडते, आणि तिच्यातली सोय अशी की एफ९ दाबले की प्रोग्रॅम बांधला जातो, एफ५ दाबले की चालतो. मुलांना एफ९ ओळखीचे होते, कारण कॉलेजात अजून टर्बो सी++ आहे, १९९० च्या सुमाराचे, निळ्या पडद्याचे, जिथे कंट्रोल आणि एफ९ दाबून प्रोग्रॅम चालवतात. अकरावीतली एक मुलगी तिथला प्रोग्रॅम वहीत उतरवून घेऊन आली. कापसाचे क्विंटल आणि भाव विचारायचा, गुणाकार करायचा, पट्टी छापायची. जीनीत टाइप करून एफ९ दाबले तर खाली लाल ओळ, ती दुरुस्त करून पुन्हा दाबले की दुसरी, अशी रांगच लागली: आयओस्ट्रीम डॉट एच सापडत नाही, कोनिओ डॉट एच सापडत नाही, क्लिअरस्क्रीन म्हणजे काय, मेनच्या आधी व्हॉइड चालणार नाही. एकेक ओळ वाचत तिने अर्ध्या तासात ते सगळे नव्या रीतीला आणले. मग ५ क्विंटल आणि ८००० भाव दिला. उत्तर आले ४००००.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. "काका, कॉलेजात याचंच उत्तर मायनस येऊन राह्यलं होतं. सर म्हणाले, छोटे आकडे घेत जा. मग इथं बरोबर काहून आलं?"

मी तिला वहीत करून दाखवले. टर्बो सी++ सोळा बिटांच्या जगातले. पूर्णांक ठेवण्याच्या त्याच्या इंट या कप्प्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावतच नाही. चाळीस हजार त्यात कोंबले की काटा पूर्ण फिरून मागच्या बाजूने वर येतो, म्हणजे ४०,००० मधून ६५,५३६ वजा होतात आणि उरतात उणे २५,५३६. जीनीमागे प्रोग्रॅम बांधणारा जो जीसीसी, त्याच्या इंटमध्ये दोनशे कोटींच्या वर आकडा मावतो. तिने वजाबाकी दोनदा करून पाहिली, मग म्हणाली, "म्हणजे पाच क्विंटल कापूस विकून बाबांच्याच अंगावर पंचवीस हजार?" मला हसू आले आणि लगेच आवरले, कारण ज्या वर्षी बियाणे, फवारणी आणि वेचाईचा खर्च भरून निघत नाही त्या वर्षी ते उत्तर फार चूक ठरत नाही.

पायथन या भाषेसाठी थॉनी हा संपादक ठेवला आहे. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठी तयार झाला. जीनीपेक्षा तो जड आहे आणि उघडताना आमच्या डब्यावर चार सेकंद घेतो, पण प्रोग्रॅम एकेक पायरी पुढे सरकवत प्रत्येक नावात त्या क्षणी काय आहे ते बाजूला दाखवतो, आणि त्या चार सेकंदांचे मला काही वाटत नाही. विम हा फक्त कीबोर्डवर चालणारा संपादक मात्र मुलांना शिकवण्याचा माझा बेत फसला. विम मला स्वतःला आवडतो. ब्राम मोलेनार या डच माणसाने तो १९९१ मध्ये, लिनक्स जन्मले त्याच वर्षी, पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि २०२३ मध्ये तो गेला तरी विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा ही त्याची विनंती अजून दिसते. पण आमची मुले मध्येच मराठीत टिपणे लिहितात. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या मांडणीवर, राहिलेला असतो, आणि विमला लिहायला सुरुवात करण्यासाठी 'आय' हवे असताना त्याच कळीतून 'ग' जातो. विम त्यावर काहीच करत नाही. मुलांना वाटते, यंत्र हँग झाले. ही अडचण सोडवण्याचे मार्ग आहेत, पण ते समजावण्यात एक आख्खी संध्याकाळ जाते आणि वीज तर कधीही जाते.

विजेवरूनच आणखी एक सोय सांगतो. जीनीत 'सेव्ह ॲक्शन्स' नावाची जोड आहे, ती ठराविक वेळाने फाइल आपोआप जपून ठेवते. मी ती वेळ एक मिनिटावर आणली. डेबियनची ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था अचानक वीज गेली तरी बहुधा स्वतःला सावरून घेते, पण जे जपलेच नाही ते कुठून आणणार. नेटचेही तसेच. नेट म्हणजे कोणाचा तरी फोन केबलने डब्याला जोडून टेदरिंग चालू करणे; त्याला कसलाही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तिघांपैकी एका डब्यावर 'एप्ट-कॅशर-एनजी' बसवले आहे, म्हणजे एकाने उतरवलेले सॉफ्टवेअर बाकीचे दोघे त्याच्याकडूनच घेतात आणि फोनचा डेटा एकदाच खर्च होतो. पायथनची आणि सी++ ची संदर्भपुस्तके डेबियनमध्ये पॅकेज म्हणून मिळतात. ती तिन्हींवर उतरवून ठेवली. फोनवाला निघून गेला तरी शोधायला काहीतरी जागेवर राहते.

मागचा हंगाम असाच गेला. डिसेंबर ते फेब्रुवारी मी दोनदाच गावी जाऊ शकलो, तेही कामापुरता, वाचनालयाला कुलूप असताना. फोन एकदाही आला नाही, आणि त्यामुळे मला उलट धाकधूक होती की ते सगळे कधीचेच बंद पडले असेल आणि माझी अडचण ओळखून कोणी कळवले नसेल. होळीच्या आदल्या दिवशी गेलो. तिन्ही सुरू होते. मधल्या डब्याचे झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. ग्रंथपालकाका म्हणाले, "महिन्यातून एकदा ओरडते. मग पुसून देतो." भिंतीवरच्या माझ्या कागदाखाली दुसरा कागद लागला होता, मुलीच्या अक्षरात, पहिलीच ओळ 'बीप-बीप झाल्यास आधी प्लग काढणे'. टेबलाच्या पायाला सुतळीने एक खोडरबर बांधलेले होते. पहिले कोणीतरी चित्रकलेच्या परीक्षेला घेऊन गेले होते म्हणे.